निजलेल्यांची उठाठेव

१२ जानेवारी

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. फोन करू नकोस, पत्रच लिही, हे तुम्ही बजावलंत ते बरंच झालं. फोनवर तुम्हाला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तुम्ही आपल्या सोयीनं भरून घेता. पत्रात तशी सोय नाही, असं मी धरून चालते.

तुमचा प्रश्न वाचून हसू आलं, पण प्रश्न खरा आहे. दोन महिने टीबीच्या गोळ्या घेतल्या, खोकला गेला, वजन वाढलं, थुंकीच्या तपासणीतही काही सापडत नाही, तरी डॉक्टर म्हणतात अजून चार महिने घ्या. मेलेल्याला आणखी किती मारायचं, असं तुम्ही विचारलंत. तर बाबा, सगळे मेलेले नसतात. काही झोपलेले असतात.

औषध जंतूला मारतं ते तो कामात असताना. पण तो उपाशी राहिला, हवा कमी पडली, आपल्या शरीरातल्या पेशींनी त्याला कोंडून आम्लात बुडवलं, की जंतूंमधले काही चक्क धंदा बंद करतात. जंतूच्या आत जनुकं असतात, म्हणजे कामाच्या आज्ञाच समजा, हजारो. सुखाच्या दिवसांत एक मुकादम वाढीच्या आज्ञा वाचून कामगारांना कामाला लावतो. संकट आलं की दुसरा मुकादम येतो. कामगार तेच, पण आता हुकूम निराळे: वाढ बंद, भिंत जाड करा, चरबी साठवा, मोडलेलं दुरुस्त करा आणि गप्प पडून राहा. हालचालच नसली तर औषध मारणार कशाला? म्हणून ते चार महिने. अधूनमधून जो कोणी डोळे उघडेल त्याला तिथल्या तिथे गाठायचं.

माझं काम नेमकं हेच आहे. या निजलेल्यांना आपल्या मर्जीनं उठवता आलं तर सहा महिन्यांचं काम पंधरा दिवसांत उरकेल. आमच्या प्रयोगशाळेत म्हणच पडली आहे: उठले की मेले. ते उठत मात्र नाहीत. मी रोज टोपी, मास्क, दोन जोड हातमोजे चढवून दोन दारांच्या खोलीत जाते, भांड्यातल्या जंतूंना आधी उपाशी ठेवते आणि मग जेवू घालते, आणि वर्ष होत आलं तरी एकही आलेख सरळ आलेला नाही. बाईंनी, म्हणजे माझ्या मार्गदर्शकांनी, जूनअखेरपर्यंत मुदत दिली आहे. नाही जमलं तर विषय बदल, असं त्या गोड आवाजात म्हणाल्या. त्यांचा आवाज गोड झाला की आम्ही सगळे घाबरतो.

आत्याला नमस्कार. गोळ्या वेळेवर घ्या. लोभ आहेच, तो शिळा होऊ देऊ नये.

तुमची,
टिकटिक


२३ जानेवारी

चि. टिकटिक हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र दुकानात बसून दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा डोळ्याला भिंग लावून. गिऱ्हाइकाला वाटलं मी कुणाचं तरी बारीक घड्याळ दुरुस्त करतोय, म्हणून तो बराच वेळ आदरानं उभा राहिला. हल्ली दुकानात येतात ते वडिलांचं किंवा आजोबांचं घड्याळ घेऊन. स्वतःचं घड्याळ कुणाकडे नसतंच. तेव्हा वाचायला वेळ भरपूर मिळतो.

तुझ्या दुसऱ्या मुकादमाची गोष्ट मी तुझ्या आत्याला, आमच्या अक्काला, सांगितली. ती म्हणाली, यात नवल काय, आयुष्यभर शाळेत तिनं हेच पाहिलं. कठीण प्रश्न विचारला की मागचा बाक असाच वागायचा: वाढ बंद, गप्प पडून राहा. शास्त्रज्ञांना हे शोधायला इतकी वर्षं लागली म्हणून तिला तुमची कीव आली.

मला मात्र तुझं म्हणणं चटकन पटलं. बंद पडलेलं घड्याळ वेगळं आणि कुणी मुद्दाम थांबवून ठेवलेलं वेगळं. पहिल्याला हातोडी चालेल, दुसऱ्याला चावी लागते. झोपलेल्याला उठवता येतं, झोपेचं सोंग घेतलेल्याला नाही, असं म्हणतात. तुझे जंतू यातले कुठले? आणि तू उठवतेस म्हणजे नेमकं काय करतेस? त्यांना काय दिलं की बरं वाटतं? सहजच विचारतो. म्हाताऱ्याला तेवढाच विरंगुळा.

माझी प्रकृती उत्तम आहे. अक्का सकाळी उठून माझ्यावर आणि सूर्यावर लक्ष ठेवते. दोघंही वेळेवर असतो. लोभात काटकसर नसावी.

तुझे,
बाबा


५ फेब्रुवारी

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

बाबा, तुमचे प्रश्न मी प्रयोगशाळेत सगळ्यांना वाचून दाखवले. सोंगाचा प्रश्न तर बाईंनाही आवडला. माझ्या कामाबद्दल घरच्या माणसानं इतक्या आपुलकीनं विचारावं, याचं काय वाटलं ते कसं लिहू!

उत्तर सोपं आहे. ज्याच्या भीतीनं ते झोपले ते दूर झालं की उठतात, निदान उठायला हवेत. पोटभर खाणं, मोकळी हवा, औषधाचा मागमूस नाही. धोका टळला असं वाटलं की पहिला मुकादम परत येतो आणि वाढीच्या आज्ञा वाचायला लागतो. भांड्यात याला काही आठवडे लागतात. आणि उठले की मेले, ते तुम्हाला माहीत आहेच.

माझं मात्र अजून काही जुळत नाही. परवा सगळी भांडी पुन्हा वाया गेली. मी थंड खोलीत जाऊन रडले. तिथे बाटल्या ठेवायला जाऊन कुणी फार वेळ थांबत नाही, त्यामुळे रडायला सोय असते. हे आत्याला सांगू नका, ती मला स्वेटर विणून पाठवेल.

लोभ आहे तो असाच उबदार राहो.

तुमची,
टिकटिक


२ मार्च

चि. टिकटिक हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

इकडे सर्व क्षेम. अक्का रोज सकाळी गोळ्या आणि पाण्याचा पेला पुढ्यात ठेवून दूध बघायला आत जाते आणि मी गोळ्यांची योग्य ती व्यवस्था करतो. दूध, अंडी, फळं, सकाळ-संध्याकाळ मोकळ्या हवेत फेरी. पाहुणचारात कसर ठेवलेली नाही. अक्काला वाटतं मला खाण्यापिण्याची अक्कल उशिरा का होईना आली.

तू धीर सोडू नकोस. थंड खोलीत जाऊ नकोस, सर्दी होईल. जूनच्या आत बाईंना दाखवायला तुझ्याकडे काहीतरी असेल, असं मला आतून वाटतं. अगदी आतून.

लोभाची मुदत वाढवून मिळावी.

तुझे,
बाबा


३० मार्च

चि. बयोस,
अनेक आशीर्वाद.

घाबरू नकोस, असं लिहायची पद्धत आहे. पण तू थोडी घाबरावंस अशी माझी इच्छा आहे.

शुक्रवारी संध्याकाळी तुझे वडील दुकानातून आले ते पहिला नंबर आल्यासारखे. अंग तापलेलं, तोंडावर हसू. थर्मामीटर मागितला, पारा पाहिला आणि मला म्हणाले की उठले. मी विचारलं कोण उठलं. तर म्हणाले, सगळे! मला वाटलं ताप डोक्यात गेला. ताप नंतर गेला, डोक्यात तुझं पत्र आधीच गेलं होतं.

फेब्रुवारीपासून या गृहस्थांनी एकही गोळी गिळलेली नाही. मी स्वयंपाकघरात वळले की गोळ्या खिशात आणि तिथून दुकानातल्या डब्यात, जुन्या स्प्रिंगांच्या शेजारी. का, तर औषध चालू असेपर्यंत जंतू झोपून राहणार. औषध थांबवायचं, खाऊपिऊ घालायचं, मोकळी हवा द्यायची, ते बेसावध होऊन उठले की सगळ्या गोळ्या घेऊन त्यांच्यावर तुटून पडायचं. पंधरा दिवसांत खेळ खलास. हे सगळं त्यांनी मला खोकत खोकत समजावून सांगितलं, अधूनमधून तुझं ते ‘उठले की मेले’ म्हणत. समजावताना इतके खूश होते की मला रागवायलाही उशीर झाला.

मी शाळेत इतकी वर्षं काढली पण मुलांवर हात उचलला नाही. त्या दिवशी धाकट्या भावावर उचलणार होते. त्याऐवजी धरून डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर तरुण आहेत, आधी हसले. मग हसायचे थांबले. त्यांचं म्हणणं, ही अशी धरसोडच जंतूंना औषधाला दाद न देण्याची संधी देते. तसं झालं असेल तर सहा महिने विसरा, त्याहून कितीतरी लांब आणि कडक उपचार, आणि त्यातल्या काही औषधांनी कान जातात. तुझ्या वडिलांचे अर्धे गेलेलेच आहेत. उरलेल्या अर्ध्यावर दुकान चालतं. घड्याळ कानाशी धरून ते कुठे अडतंय ते सांगणारा माणूस आहे हा.

थुंकी तपासायला पाठवली आहे. कुठलं औषध चालतं, कुठलं नाही, याचा पूर्ण रिपोर्ट यायला बरेच आठवडे लागतील. तोवर गोळ्या चालू, पण मोजणी रिपोर्टनंतर पहिल्यापासून. मलाही तपासलं. माझ्यात काही सापडलं नाही, जंतूंनाही शिस्त सोसवत नसावी.

सरळ विचारते. असं करा म्हणून तू लिहिलं होतंस का?

तुझी,
आत्या


४ एप्रिल

ती. बाबांस,
नमस्कार. शिरसाष्टांग आज जमणार नाही.

मला वाटलं होतं पत्रात तुम्हाला उरलेलं अर्धं भरून घेता येणार नाही. तेही तुम्ही करून दाखवलंत!

उठले की मेले हे मी काचेच्या भांड्याबद्दल लिहिलं होतं. तिथे मी दाराशी औषध घेऊन उभी असते. तुम्ही पहारेकऱ्यालाच रजा दिलीत, दार उघडं टाकलंत आणि वर दूध-अंडी वाढलीत. आणि भांडं बिघडलं तर मी ते वाफेत उकळून फेकून देते, दुसरं घेते. भांडी माझ्याकडे ढीगभर आहेत बाबा. बाप एकच आहे.

मी कामावर जाते आणि नुसती बघत बसते. इतके दिवस मी या जंतूंचं कौतुक करत आले. किती हुशार, किती चिवट, कसे बरोबर वेळेला हुकूम बदलतात. आता तेच तुमच्या छातीत बसून काय शिकले असतील, या विचारानं भांडी उघडायलाच धजत नाही. रिपोर्ट येईपर्यंत कसे दिवस काढू? मी रजा मागितली आहे, पुढच्या आठवड्यात घरी येते.

तुम्ही घड्याळाचा एक स्क्रूसुद्धा विचारल्याशिवाय काढत नाही. मग हे मला न विचारता का केलंत? का?

टिकटिक


२४ एप्रिल

चि. टिकटिक हिस,
अनेक आशीर्वाद. तू घेशील तेवढे घे, बाकीचे ठेवून दे.

रजा रद्द केल्याचं तू अक्काला कळवलंस ते वाचून हायसं वाटलं. तिनं तुला तसं करायला सांगितलं ते माझ्याच विनवणीवरून. तू इथे येऊन माझ्या उशाशी बसलीस तर जूनचं काय?

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला. दुकान बंद ठेवून मी भिंतीकडे तोंड करून पडून होतो. वाढ बंद, भिंत जाड. अक्कानं रोज जेवण आणून ठेवलं आणि अखेर आज मला उठवलं. तुम्हा शास्त्रज्ञांना जमत नाही ते तिला जमतं.

का केलं ते विचारलंस. तू लहान होतीस तेव्हा रडायला लागलीस की मी तुला कडेवर घेऊन दुकानात यायचो आणि एखादं घड्याळ उघडून आतली चाकं दाखवायचो. कितीही रडत असलीस तरी गप्प व्हायचीस. म्हणून तर तुझं नाव टिकटिक पडलं. आता तू त्या थंड खोलीत एकटी रडलीस हे वाचलं आणि मला काही सुचेना. तिथे मी काय उघडून दाखवणार? माझ्याकडे तुझ्या उपयोगाचं एकच घड्याळ उरलं होतं, ते उघडलं. भांड्यात जमत नसेल तर माणसात जमेल, आणि माणूस घरचाच आहे, परवानगी कुणाची काढायची, असं वाटलं. तुला विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस, म्हणून विचारलं नाही.

चुकलो. भीती मलाही वाटते, बेटा. रात्री घड्याळ कानाशी धरून बघतो, अजून ऐकू येतंय ना.

लोभ कमी झाला असल्यास कळवू नये.

तुझे,
बाबा


२२ मे

चि. बयोस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रिपोर्ट आला. जंतू अजून सगळ्या औषधांनी मरतात. एकही औषध वाया गेलेलं नाही. डॉक्टरांनी दोनदा वाचून दाखवलं, कारण पहिल्यांदा तुझ्या वडिलांनी ऐकू आलं नाही असं सांगितलं. ऐकू आलं होतं. त्यांना पुन्हा ऐकायचं होतं.

हे नशीब आहे, अक्कल नव्हे, असं मी तिथेच स्पष्ट केलं. आता नापास झालेल्या मुलासारखे ते पुन्हा पहिलीत बसले आहेत. संपूर्ण उपचार, पहिल्या दिवसापासून. रोज सकाळी माझ्यासमोर गोळी गिळायची, मग तोंड उघडायचं, जीभ वर करायची, दोन्ही गालांच्या आत बोट फिरवून दाखवायचं. पहिल्या दिवशी अपमान झाल्यासारखे बघत होते. मी सांगितलं की अपमानाला औषध आहे, त्याच्या गोळ्या नंतर आणू.

तू नीट जेव. स्वेटर पाठवला आहे, थंड खोलीचं मला केव्हाच कळलं होतं. लोभ धरावा, हट्ट धरू नये.

तुझी,
आत्या


१८ जुलै

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि. आज शिरसाष्टांग पूर्ण.

जून संपता संपता प्रयोग जमला! जंतू उठले. बाई माझ्यावर खेकसल्या, म्हणजे खूश झाल्या. पण बाबा, जे सापडलं ते मला हवं होतं त्याच्या उलट आहे.

ते सगळे कधीच उठत नाहीत. कितीही खाऊ घाला, कितीही हवा द्या, मूठभर झोपलेलेच राहतात. मी पुन्हा पुन्हा करून पाहिलं. उठलेले औषधानं मरतात, मग त्या मूठभरातले काही उठतात, त्यांची पिलावळ होते आणि त्या पिलावळीतले काही कुठलंही संकट नसताना आपोआप झोपी जातात. दुसऱ्या मुकादमाला बोलावणारी आतली जनुकाची कळ काहींमध्ये उगाचच दाबली जाते. न जाणो, उद्या वाईट दिवस आला तर घराण्यात कुणीतरी उरावं म्हणून. त्यामुळे तुमची पंधरा दिवसांची लढाई कधीच संपली नसती. पंधराव्या दिवशी तुम्ही गोळ्या बंद केल्या असत्या आणि मूठभर तेव्हाही निवांत घोरत असते.

निबंध लिहून झाला. शेवटी आभार मानायचे असतात. मी लिहिलं होतं की हा प्रयोग माणसावर का करू नये हे वेळीच दाखवून दिल्याबद्दल वडिलांची ऋणी आहे. बाईंनी ती ओळ खोडली आणि नुसतं ‘वडिलांचे आभार’ ठेवलं. मग चष्मा पुसत त्यांनी तुमची चौकशी केली, आणि आवाज मुळीच गोड नव्हता.

गोळ्या गिळा. लोभ सहा महिने अखंड घ्यावा.

तुमची,
टिकटिक


२ ऑगस्ट

चि. टिकटिक हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

आपला बाप मूर्ख आहे हे पुष्कळ मुलींना ठाऊक असतं, पण ते आलेख काढून सिद्ध करणारी तू बहुधा पहिलीच. छापून आलं की दोन प्रती पाठव. एक दुकानात लावीन, एक अक्का तपासायला मागते आहे.

जंतूंबद्दल मात्र मला आता आदर वाटायला लागला आहे. घराण्यात कुणीतरी उरावं म्हणून स्वतः गप्प पडून राहायचं, हे काही अगदीच परकं वाटत नाही.

लोभ आहे, तसाच चालू ठेव, चावी मी देईन.

तुझे,
बाबा


३० नोव्हेंबर

चि. बयोस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

शेवटची गोळी काल झाली. छातीचा फोटो स्वच्छ आहे, एक जुना डाग तेवढा राहील. डॉक्टर म्हणाले, एखाददुसरा जंतू आत कुठेतरी झोपलेला असेलही, नसेलही, ते कुणीच सांगू शकत नाही. नीट खा, नीट झोपा, खोकला आला तर लगेच या. तुझ्या वडिलांनी त्यांना वचन दिलं की त्यांच्याकडून आता कुणालाही उठवलं जाणार नाही. तेव्हापासून घरात दारंसुद्धा हळू लावतात.

आज सकाळी चहा झाला आणि तुझे वडील माझ्यासमोर येऊन उभे राहिले, तोंड उघडून. गोळी नव्हती. दोघांच्याही ध्यानात आलं नाही. मी सवयीनं आत पाहिलं, जीभ वर करायला सांगितली, त्यांनी केली. गालांच्या आत बोट फिरवून दाखवलं. काही नव्हतं. मी शाबास म्हटलं, आणि तेव्हा कुठे आमच्या लक्षात आलं. मी हसायला लागले. तो तोंड उघडं ठेवूनच रडायला लागला. मग मीही हसणं पुरं केलं नाही.

आता डोळे पुसून दुकानात गेला आहे. जाताना या पत्रात चार ओळींची जागा ठेव म्हणाला, ती ठेवते. लोभ आहे, तो तपासून पाहायची गरज नाही.

तुझी,
आत्या

ता. क. डिसेंबरात ये. निबंध छापून आलाच आहे, आता रजा घ्यायला हरकत नसावी. आणि पुढच्या वेळी रडू आलं तर थंड खोलीत जाऊ नकोस, इकडे ये. दुकानात उघडून दाखवायला घड्याळं अजून पुष्कळ आहेत, आणि मला सगळी ऐकू येतात.
बाबा